नॅनोटेक्नॉलॉजी इंजिनीअरिंगची पदवी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या विषयाची पदवी घेऊन मला बरीच वर्षं झाली. त्यानंतरचा सगळा काळ पातळ थर आणि सूक्ष्म कण मोजण्यात गेला. प्रवेशाचा विचार करणारी मुलं, त्यांचे पालक आणि सध्या शिकत असलेले विद्यार्थी मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला पायाभूत प्रश्न आहेत, अडचणीचे आणि अपवादाचे पुढे येतील. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात सविस्तर आली असेल, तर तिथला प्रश्न क्रमांक दिला आहे.

१. नॅनोटेक्नॉलॉजी इंजिनीअरिंगमध्ये नेमकं शिकवतात काय?

साधारण १ ते १०० नॅनोमीटर या मापात पदार्थ घडवायचा, तो हवा तसा घडला आहे का हे मोजायचं, आणि त्यातून उपयोगाची वस्तू तयार करायची, एवढं शिकवतात. १ नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. डीएनएच्या गोफाची जाडी सुमारे २ नॅनोमीटर असते, तर माणसाचा केस ८० हजार ते १ लाख नॅनोमीटर जाड असतो.

यातलं मोजण्याचं काम बहुतेकांच्या कल्पनेत नसतं. पण पदवीचा सर्वांत जास्त वेळ तिथेच जातो, आणि जायला हवा. डोळ्यांना न दिसणारी वस्तू आपण बनवली, असं म्हणायचं असेल तर पुरावा मोजमापाचाच असतो.

२. वस्तू लहान झाली म्हणून तिचा स्वभाव का बदलावा? सोनं शेवटी सोनंच ना?

दोन कारणं आहेत. पहिलं पृष्ठभागाचं. १ सेंटिमीटर बाजूचा घन घ्या. त्याचा एकूण पृष्ठभाग ६ चौरस सेंटिमीटर. तोच चिरून १ नॅनोमीटर बाजूचे घन केले, तर पदार्थ तेवढाच राहतो आणि पृष्ठभाग ६ हजार चौरस मीटर होतो. पृष्ठभागावरच्या अणूला बाहेरच्या बाजूला शेजारी नसतात, त्यामुळे तो आतल्या अणूइतका घट्ट बांधलेला नसतो. म्हणून एरवी १०६४ अंश सेल्सियसला वितळणारं सोनं, कण दोन-चार नॅनोमीटरचे केले की शेकडो अंश आधीच वितळतं.

दुसरं कारण क्वांटमचं, म्हणजे अणू-इलेक्ट्रॉनांच्या मापाला लागू होणाऱ्या नियमांचं. इलेक्ट्रॉनला फिरायला जागा जितकी अपुरी, तितकी त्याच्या ऊर्जेच्या पायऱ्यांमधली अंतरं मोठी. पुस्तकातल्या 'खोक्यातल्या कणा'च्या गणितात खोक्याची लांबी निम्मी केली की ऊर्जा चौपट होते. हे गणित कागदावर सोडवताना रुक्ष वाटतं, पण कॅडमियम सेलेनाइडच्या क्वांटम डॉट्समध्ये (काही नॅनोमीटरच्या स्फटिककणांमध्ये) ते डोळ्यांना दिसतं : साधारण २ नॅनोमीटरचे कण निळसर उजेड देतात आणि ६ नॅनोमीटरचे लाल. पदार्थ एकच, फरक फक्त आकाराचा. याच क्वांटम डॉट्ससाठी मौंगी बावेंडी, लुई ब्रस आणि अलेक्सी एकिमोव्ह यांना २०२३चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

३. नाव नवं आहे, मग विषयही नवा आहे का?

पदवी नवी, विषय जुना. ब्रिटिश म्युझियममधला चौथ्या शतकातला रोमन लायकर्गस चषक समोरून हिरवा दिसतो आणि आत दिवा ठेवला की लाल, कारण त्याच्या काचेत सोन्या-चांदीचे सूक्ष्म कण आहेत. अर्थात घडवणाऱ्यांना ते कण ठाऊक नव्हते. मायकेल फॅरेडेने १८५७ मध्ये सोन्याच्या कणांची लाल द्रावणं बनवून त्यांचा नीट अभ्यास केला. भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांचं, अणूंच्या पातळीवर वस्तू घडवण्याबद्दलचं प्रसिद्ध व्याख्यान १९५९चं, आणि 'नॅनोटेक्नॉलॉजी' हा शब्द नोरिओ तानिगुची यांनी १९७४ मध्ये वापरला.

इतिहास सांगताना सगळे फाइनमनपासून सुरू करतात. माझ्या मते खरं वळण १९८१चं आहे. त्या वर्षी झुरिकजवळच्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत गेर्ड बिनिंग आणि हाइनरिश रोरर यांनी स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोप बांधला आणि पृष्ठभागावरचा अणू न् अणू टिपता यायला लागला. १९८६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. मोजता यायला लागल्यावरच याला इंजिनीअरिंग म्हणता येऊ लागलं.

स्वतंत्र पदव्या त्याच्याही नंतरच्या. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाने नॅनोटेक्नॉलॉजी इंजिनीअरिंगची पदवी २००५ मध्ये सुरू केली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेत नॅनोइंजिनीअरिंगचा विभाग २००७ मध्ये उघडला.

४. मटेरियल्स, केमिकल किंवा इलेक्ट्रॉनिक्सपेक्षा यात वेगळं काय?

त्या शाखा एकेका प्रकारच्या वस्तूभोवती किंवा प्रक्रियेभोवती उभ्या आहेत, ही शाखा एका मापाभोवती. त्यामुळे तिघींचा थोडा थोडा भाग यात येतो : केमिकलकडून अभिक्रिया आणि थर्मोडायनॅमिक्स, इलेक्ट्रॉनिक्सकडून सेमीकंडक्टर आणि उपकरणं, मटेरियल्सकडून स्फटिकांची रचना. वॉटर्लूची पदवीसुद्धा केमिकल इंजिनीअरिंग, इलेक्ट्रिकल इंजिनीअरिंग आणि रसायनशास्त्र या तीन विभागांनी मिळून उभी केली. या शाखेची ताकद इथेच आहे आणि धोकाही इथेच. धोक्याबद्दल प्रश्न १२ आणि २० पाहा.

५. वर्षागणिक काय काय शिकावं लागतं?

तपशील प्रत्येक ठिकाणी बदलतो, साचा बराचसा सारखा असतो. पहिल्या वर्षी कॅल्क्युलस, लिनिअर अल्जिब्रा, सामान्य रसायनशास्त्र, यांत्रिकी, विद्युतचुंबकत्व आणि प्रोग्रामिंग. 'नॅनो' हा शब्द कानावर क्वचितच पडतो, आणि उत्साहाने आलेली मुलं इथे हिरमुसतात. दुसऱ्या वर्षी थर्मोडायनॅमिक्स, सेंद्रिय रसायन, सर्किट आणि क्वांटम मेकॅनिक्सची ओळख. तिसऱ्या वर्षी घनपदार्थांचं भौतिकशास्त्र, पॉलिमर, पृष्ठभाग आणि कोलॉइड (द्रवात तरंगणारे सूक्ष्म कण), सूक्ष्मदर्शन, लिथोग्राफी (प्रकाशाने सूक्ष्म नक्षी उमटवणं). शेवटच्या वर्षी निवडीचे विषय आणि मोठा प्रोजेक्ट.

सगळ्यांत अवघड वर्ष दुसरं. थर्मोडायनॅमिक्स आणि क्वांटम एकाच वेळी अंगावर येतात आणि दोन्हींची भाषा वेगळी असते.

६. माझं गणित बेताचं आहे. झेपेल का? आणि कोडिंग किती लागतं?

बेताचं म्हणजे आकडेमोड हळू होते की समीकरण पाहून भीती वाटते? पहिल्याने काही अडत नाही. दुसरं असेल तर प्रवेशाआधीचे काही महिने डिफरन्शियल इक्वेशन आणि मॅट्रिक्स यांच्यासाठी द्या. क्वांटम, उष्णतेचं वहन, रेणूंचं पसरणं या सगळ्याची भाषा तीच आहे. श्रोडिंगरचं समीकरण, म्हणजे क्वांटमचं मुख्य समीकरण, बघून घाबरायचं कारण नाही. पदवीपुरती त्याची तीन-चार रूपंच हाताळावी लागतात.

कोडिंग दोन कामांसाठी लागतं : उपकरणातून निघालेल्या आकड्यांचे आलेख काढायला आणि छायाचित्रातले कण मोजायला. पायथन चांगलं येत असेल तर पुरे. सिम्युलेशनकडे वळणाऱ्यांना मात्र पुष्कळ जास्त लागतं.

७. मी जीवशास्त्र सोडून दिलं आहे. अडेल का?

नाही. औषधवहन किंवा बायोसेन्सर हे विषय पुढे निवडले तर पेशी, प्रथिनं आणि अँटिबॉडी यांची मूलभूत माहिती एका सेमिस्टरमध्ये करून घेता येते. जीवशास्त्र मागाहून जमतं. राहून गेलेलं रसायनशास्त्र मागाहून जमवणं फार जड जातं.

८. लॅबमध्ये प्रत्यक्षात काय करतात?

एक प्रयोग जवळून सांगते, कारण तो जवळपास प्रत्येक ठिकाणी करून घेतात : सोन्याचे नॅनोकण बनवणं. पद्धत रसायनशास्त्रज्ञ जॉन टर्केविच यांची, १९५१ची.

सुरुवात काचेच्या भांड्यांपासून. ती अम्लराजाने (नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लांच्या मिश्रणाने) धुवायची, कारण आधीच्या प्रयोगातला एखादा धातूचा कण चिकटलेला असेल तर नवं सोनं त्याच्यावरच जमायला लागतं. मग सोन्याच्या क्षाराचं फिकट पिवळं, पातळ द्रावण उकळत ठेवायचं, ढवळणं चालू. उकळी फुटली की सोडियम सायट्रेटचं द्रावण एकदम ओतायचं. आधी पिवळेपणा जातो आणि सगळं पाण्यासारखं होतं. नवशिका इथे बिचकतो, काहीतरी चुकलं असं त्याला वाटतं. मग करडी-निळसर झाक येते, ती गडद होते, जांभळट होते, आणि काही मिनिटांत भांडं द्राक्षासवाच्या लाल रंगाने भरतं. कण साधारण १५ ते २० नॅनोमीटरचे असतात.

आता त्यातलं थोडं द्रावण बाजूला घेऊन चिमूटभर मीठ टाका. लाल रंग क्षणात निळा-जांभळा होतो. सायट्रेटमुळे कणांवर ऋण भार असतो आणि तो त्यांना एकमेकांपासून दूर ठेवतो. मिठाचे आयन तो भार झाकतात, कण जवळ येतात आणि त्यांच्यातल्या इलेक्ट्रॉनांचं आंदोलन एकमेकांत गुंततं, म्हणून रंग सरकतो. या एका प्रयोगात रसायन, विद्युतभार, प्रकाश आणि पृष्ठभाग सगळं आलं. मी आजही तो रंग बदलताना बघायला थांबते.

यानंतरचे दोन-तीन दिवस मोजण्यात जातात. शोषण वर्णपटात (कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला जातो त्याच्या आलेखात) ५२० नॅनोमीटर तरंगलांबीजवळ शिखर आहे का, कणांचा सरासरी व्यास किती, पसारा किती. प्रकाशाच्या विखुरण्यावरून आकार काढणाऱ्या उपकरणाची एक खोड इथेच कळते : विखुरलेला प्रकाश व्यासाच्या सहाव्या घातावर अवलंबून असतो. १०० नॅनोमीटरचा एक कण १० नॅनोमीटरच्या दहा लाख कणांइतका प्रकाश विखुरतो. धुळीचे चार कण पडले तरी आकडा बिघडतो.

९. अणू डोळ्यांनी बघायला मिळतात का?

डोळ्यांनी नाही. दिसते ती उपकरणाने तयार केलेली प्रतिमा, आणि ती वाचायला शिकणं हे मोठं काम आहे. स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप पृष्ठभाग दाखवतो. नमुना वीजवाहक नसेल तर त्याच्यावर भार साठतो आणि चित्र पांढरं पडून हलतं, म्हणून आधी धातूचा किंवा कार्बनचा पातळ थर द्यावा लागतो. ट्रान्समिशन प्रकारात इलेक्ट्रॉन नमुन्याच्या आरपार जातात, त्यामुळे नमुना सहसा १०० नॅनोमीटरपेक्षा पातळ असावा लागतो. तो ठेवायची तांब्याची जाळी जेमतेम ३ मिलिमीटरची असते आणि चिमट्यातून निसटली की शोधत बसावं लागतं.

अ‍ॅटॉमिक फोर्स मायक्रोस्कोप तर पृष्ठभाग चाचपत जातो. एका बारीक पट्टीच्या टोकाला सुई असते, तिचं अग्र साधारण १० नॅनोमीटरचं. तिसऱ्या वर्षी या उपकरणावर मला चांदीचे कण जोडीजोडीने दिसले. प्रत्येक जोडी एकाच दिशेला कललेली. मी त्यावर अहवालाचं अख्खं पान लिहिलं. लॅबमधल्या सीनियर ताईंनी ते पान वाचलं आणि एवढंच म्हणाल्या, "नमुना नव्वद अंशांत फिरव आणि परत स्कॅन घे." घेतला. कण फिरले, पण जोड्या त्याच दिशेला राहिल्या. सुईचं टोक तुटून त्याची दोन टोकं झाली होती आणि प्रत्येक कण दोनदा उमटत होता. ते पान काढून टाकलं. तेव्हापासून नमुना फिरवून बघितल्याशिवाय मी अशा चित्रावर भरवसा ठेवत नाही.

१०. क्लीनरूममध्ये लगेच काम करायला मिळतं का?

क्लीनरूम म्हणजे हवेतली धूळ अगदी कमी ठेवलेली खोली. तिथे आधी प्रशिक्षण, मग देखरेखीखाली, मग स्वतंत्र. आयएसओ ५ वर्गाच्या खोलीत एक घनमीटर हवेत अर्धा मायक्रॉन (५०० नॅनोमीटर) किंवा त्याहून मोठे कण जास्तीत जास्त ३५२० चालतात. हवा गाळणीतून येते. त्यामुळे तिथली सर्वांत मोठी धूळ म्हणजे आत शिरणारा माणूस. म्हणून डोक्यापासून पायापर्यंत झाकणारा पोशाख, मेकअप नाही, पेन्सिल नाही, साधा कागद नाही. लिथोग्राफीच्या भागात दिवे पिवळे असतात, कारण फोटोरेझिस्ट (नक्षी उमटवण्यासाठी लावलेला थर) निळ्या आणि अतिनील प्रकाशाला संवेदनशील असतं.

पहिल्या दिवशी बहुतेक करून वेफर (सिलिकॉनची पातळ चकती) चिमट्याने नीट उचलायलाच शिकवतात. तो दिवस वाया गेला असं समजू नका. सिलिकॉन स्फटिकाच्या प्रतलावर तडकतं आणि महिन्याचं काम एका टकटकीत दोन तुकडे होतं.

११. माझ्या मुलीला या कणांमुळे तब्येतीचा त्रास तर होणार नाही ना?

काळजी रास्त आहे आणि उत्तर नियम पाळण्यावर अवलंबून आहे. सर्वांत जास्त जपायचं ते कोरड्या भुकटीला, कारण ती हवेत उडून फुप्फुसात खोल जाऊ शकते. लांब, ताठ कार्बन नॅनोट्यूबने (कार्बनच्या सूक्ष्म नळ्यांनी) उंदरांमध्ये अ‍ॅस्बेस्टॉससारखी प्रतिक्रिया दाखवल्याचं २००८ मध्ये प्रसिद्ध झालेलं आहे. म्हणून भुकटी नेहमी धूरकपाटात (आतली हवा ओढून घेणाऱ्या कपाटात) किंवा बंद पेटीत हाताळायची. तेच कण द्रवात असले किंवा एखाद्या थरात अडकलेले असले तर धोका बराच कमी होतो.

खरं सांगायचं तर पदवीच्या काळात मला कणांपेक्षा रसायनांची धास्ती जास्त वाटते. हायड्रोफ्लोरिक आम्ल सौम्य असेल तर त्वचेवर पडल्याचं लगेच जाणवतही नाही, पण ते आत शिरून शरीरातल्या कॅल्शियमला पकडतं. त्याच्या टेबलाजवळ कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल असायलाच हवं. गंधकाम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइडच्या सफाईच्या मिश्रणाजवळ अ‍ॅसिटोन आला तर स्फोट होऊ शकतो. मुलीला एकच विचारा : "ते जेल कुठे ठेवलंय?" तिला लगेच सांगता आलं, तर तिथलं प्रशिक्षण ठीक आहे असं समजा.

१२. पदवीलाच नॅनो घ्यावं, की आधी दुसरी शाखा करून पदव्युत्तरला?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो.

माझं मत असं : दोन्ही वाटा चांगल्या, अट एकच. पदवी संपताना तुमच्या हातात एखादी गोष्ट खोलवर आलेली असली पाहिजे. पातळ थर टाकणं असेल, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शन असेल, कोलॉइडची रसायनं असतील, बॅटरीचे इलेक्ट्रोड असतील, काहीही. नॅनोच्या अभ्यासक्रमात विषय इतक्या दिशांनी येतात की मुद्दाम ठरवलं नाही तर सगळीकडची तोंडओळख होते आणि मुरत काहीच नाही.

तिसऱ्या वर्षापासून ठरावीक उपशाखा निवडायला देणारी आणि लॅबचे भरपूर तास असणारी नॅनोची पदवी मिळत असेल तर जरूर घ्या. आपल्याला काय आवडतं हे अजून कळलेलं नाही, अशा मुलांना तर ती जास्त उपयोगी, कारण चार क्षेत्रं आतून पाहून मग ठरवता येतं. पण नुसतं नाव नॅनो आणि लॅब नावापुरती, असं असेल तर मटेरियल्स, केमिकल, इलेक्ट्रॉनिक्स किंवा मेकॅनिकल घ्या आणि नॅनोचे निवडीचे विषय त्यात जोडा. पदव्युत्तरला दार उघडं असतं. सॅन डिएगोचा तो विभागही आज केमिकल आणि नॅनो इंजिनीअरिंग असं जोडनाव लावतो. मुळं जुन्या शाखांमध्येच आहेत.

१३. कॉलेज पारखायचं कसं? सगळ्यांची माहितीपत्रकं सारखीच दिसतात.

माहितीपत्रकात उपकरणांची यादी असते. ती उपकरणं कोण वापरतं, ते नसतं. म्हणून भेटीला जा आणि मशीनशेजारची नोंदवही बघू द्या म्हणून विनंती करा. शेवटच्या दोन-तीन महिन्यांच्या नोंदी चाळा. पदवीच्या विद्यार्थ्यांची नावं आहेत की फक्त संशोधकांची? तारखा सलग आहेत की मध्ये मोठी दांडी?

मग विचारा, हे बंद पडलं तर कोण दुरुस्त करतं? पूर्णवेळ लॅब इंजिनीअर असेल तर ते फार मोठं बळ आहे. गेल्या वर्षीच्या प्रोजेक्टची शीर्षकं मागून घ्या आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षातल्या मुलांशी शिक्षक नसताना बोला. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप स्वतः फोकस केला आहे का, की काचेपलीकडून पाहिला, एवढं त्यांनी सांगितलं तरी पुरे.

१४. नोकरी मिळते का? जाहिरातीत 'नॅनोटेक्नॉलॉजी इंजिनीअर' असं पद कधी दिसलं नाही.

त्या नावाने शोधलंत तर फारसं हाती लागणार नाही. पदं असतात प्रोसेस इंजिनीअर, यील्ड इंजिनीअर (तयार मालातलं चांगल्या नगांचं प्रमाण वाढवणारा), मेट्रोलॉजी इंजिनीअर (मोजमाप बघणारा), थिन फिल्म किंवा कोटिंग इंजिनीअर, सूक्ष्मदर्शकाच्या कंपन्यांमध्ये अ‍ॅप्लिकेशन इंजिनीअर. क्षेत्रं म्हणाल तर चिप, डिस्प्ले, बॅटरी, सौरघट, लेप, निदानाच्या चाचण्या, औषधं. घरी करायच्या गर्भधारणा चाचणीत उमटणारी लाल-गुलाबी रेघ बऱ्याचदा प्रश्न ८ मधल्या सोन्याच्या कणांचीच असते. कोविडच्या एमआरएनए लशी पेशीत पोचवणारी आवरणं म्हणजे मेदाचे नॅनोकण.

अर्ज करताना पदवीचं नाव एका ओळीत आटपा आणि हाताने काय केलं ते आकड्यांसकट लिहा : कोणतं उपकरण, किती तास, कोणता पदार्थ, किती जाडी, किती फरकाने पुन्हा जमलं. मुलाखत घेणारा माणूस त्या ओळींवरच बोट ठेवून प्रश्न विचारतो.

१५. पीएचडीशिवाय काही होत नाही, हे खरं का?

नवे पदार्थ शोधण्याच्या कामासाठी बऱ्याच अंशी खरं. उत्पादन, गुणवत्ता, मोजमाप आणि उपकरणांच्या कामासाठी खरं नाही. पीएचडी नोकरी लागत नाही म्हणून करू नका. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये एखादा प्रश्न सुटला नाही आणि तो डोक्यातून जातच नाही, असं झालं तर करा.

१६. माझ्या पदवीवर 'नॅनोसायन्स' लिहिलेलं असेल. मला इंजिनीअर धरतील का?

नुसत्या नावावर जाऊ नका. पदवी विज्ञानाची आहे की अभियांत्रिकीची, आणि अभ्यासक्रमाला अभियांत्रिकी म्हणून अधिकृत मान्यता आहे का, हे दोन मुद्दे लेखी तपासा. परवानाधारक इंजिनीअर म्हणून नोंदणी करायची असेल किंवा दुसऱ्या देशात जायचं असेल तर हे महत्त्वाचं ठरतं. १९८९च्या वॉशिंग्टन करारातले सभासद देश एकमेकांच्या मान्यताप्राप्त अभियांत्रिकी पदव्यांना मान देतात, पण ती मान्यता एकेका अभ्यासक्रमाला असते, संपूर्ण संस्थेला नाही. संशोधनाकडेच जायचं असेल तर विज्ञानाची पदवी कुठेही कमी पडत नाही.

१७. मी रंगांधळा आहे. ही शाखा माझ्यासाठी बंद आहे का?

बंद नाही. अडचण कुठे येईल ते आधी माहीत असावं. वेफरवरच्या ऑक्साइडच्या थराची जाडी अनुभवी माणसं रंगावरून ओळखतात : जांभळा, निळा, हिरवट, सोनेरी असा तो जाडीप्रमाणे बदलत जातो. तुम्ही तिथे एलिप्सोमीटर (परावर्तित प्रकाशावरून थराची जाडी मोजणारं उपकरण) वापरा. त्याचं उत्तर आकड्यात येतं आणि नुसत्या नजरेपेक्षा भरवशाचं असतं. सोन्याच्या प्रयोगात रंगाऐवजी वर्णपट पाहा. सिलिंडर आणि बाटल्या रंगावरून न ओळखता लेबल वाचूनच घ्यायच्या, हा नियम तर सगळ्यांनाच लागू आहे. पहिल्याच आठवड्यात लॅबच्या प्रमुखांना सांगून ठेवा.

हात किंचित थरथरतो, असं विचारणाऱ्यांनाही हेच सांगेन. चिमटा धरण्याच्या सवयीने खूप फरक पडतो, आणि सूक्ष्मदर्शकाचं बरंचसं काम माउस आणि नॉबवर चालतं.

१८. "३ नॅनोमीटरची चिप" म्हणतात, तिच्यातलं नेमकं काय ३ नॅनोमीटरचं असतं?

काहीच नाही. ते पिढीचं नाव आहे. पूर्वी हा आकडा चिपवरच्या खऱ्या मापाशी जुळायचा, पुढे नातं सुटलं. अशा चिपमध्ये शेजारच्या दोन गेटमधलं (ट्रान्झिस्टर चालू-बंद करणाऱ्या भागांमधलं) अंतर चाळीस-पन्नास नॅनोमीटरच्या आसपास असतं. सिलिकॉनच्या स्फटिकातला एक मूळ घन ०.५४ नॅनोमीटरचा आहे. म्हणजे ३ नॅनोमीटरमध्ये असे पाच-सहाच मावतील. मुलाखतीत हा प्रश्न हमखास येतो. उत्तर पाठ करू नका, हा हिशेब करून दाखवा.

१९. रक्तात फिरून आजार दुरुस्त करणारे नॅनोरोबो शिकवतात का?

चित्रात दिसतात तसे, चाकं आणि हात असलेले, नाही. चुंबकाने किंवा रासायनिक अभिक्रियेने पुढे सरकणारे सूक्ष्म कण आहेत आणि त्यांच्यावर गंभीर संशोधन चालू आहे. पण त्या मापाला पाणीच मधासारखं घट्ट वाटतं, जडत्व जवळपास संपतं, आणि रेणूंचे धक्के कणाला सतत ढकलत राहतात. मोठं यंत्र आकसून तिथे चालत नाही.

२०. दोन वर्षं झाली. सगळं थोडं थोडं येतं, नीट काहीच येत नाही. शाखा बदलू का?

बदलण्याआधी एक सेमिस्टर असं करून बघा. एखाद्या संशोधन गटात जा आणि तिथल्या एका उपकरणाचे किंवा एका प्रक्रियेचे तुम्ही जाणकार व्हायचं ठरवा. उदाहरणार्थ, फक्त स्पिन कोटिंग, म्हणजे चकती वेगाने फिरवून तिच्यावर द्रावणाचा पातळ थर पसरवणं. वेग वाढवला की थर किती पातळ होतो, द्रावण दाट केलं की काय होतं, कडेला गोठ का साचतो, खोलीतली आर्द्रता वाढली की काय बिघडतं. चाळीस-पन्नास नमुने करा आणि प्रत्येकाची नोंद ठेवा. यातून द्रवगतिकी, बाष्पीभवन, पॉलिमर आणि मोजमाप हे चारही विषय एका धाग्यात येतात, आणि वर्गात तुटक वाटलेले भाग कुठे बसतात ते कळायला लागतं.

एवढं करूनही लॅबमध्ये जायचं जिवावर येत असेल, तर सिम्युलेशन किंवा डेटाच्या कामाकडे वळा, किंवा शाखा बदला. दोन वर्षांचं गणित आणि विज्ञान कुठेही वाया जात नाही.

२१. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट फसला, अपेक्षित निकाल आलाच नाही. अहवालात काय लिहू?

जे झालं ते. आधी फसण्याची जात ओळखा. नमुना बनला नाही, की बनला पण मोजता आला नाही, की मोजला आणि गृहीतक चुकीचं निघालं? तिन्हींचे अहवाल वेगळे होतात. तिसरा प्रकार असेल तर तो फसलेला प्रोजेक्टच नाही.

पहिल्या दोन प्रकारांत, कोणती कारणं तपासून बाद केली ते क्रमाने लिहा : भांडी, रसायनाची जुनी बाटली, तापमान, सुई, पंप. बाद केलेल्या प्रत्येक कारणामागे एक मोजमाप द्या. वाईट आलेली चित्रं गाळू नका. चांगलं आलेलं एकच चित्र लावलंत तर परीक्षक पहिला प्रश्न विचारतील की अशी किती घेतली होती. आणि नोंदवहीची मूळ पानं, खाडाखोडीसकट, परिशिष्टात जोडा. पुढच्या वर्षी त्याच विषयावर बसणारं मूल सर्वांत आधी तीच पानं उघडतं.